बेरीज १०३ येतेय. कुठे काटू?

साडेसातची_घाई

बरेच दिवस नुसतीच वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चुकीच्या विभागात असेल तर प्रशासकांनी हलवावा.

घरात आम्ही तिघं. मी, नवरा आणि चौदा महिन्यांची लेक. दोघंही नोकरी करतो, दोघांचेही पगार बेताचे, आणि शहर कोणाच्या पगाराकडे बघून महाग होत नाही. आकडे पैशांत देत नाहीये, कारण मग चर्चा "आमच्याकडे तर एवढ्यात भागतं" वर जाते. दोघांचे मिळून हातात येतात ते १०० धरा. त्यातले ५८ त्याचे, ४२ माझे.

भाडं ३०
किराणा, दूध, भाजी, गॅस २५
पाळणाघर १९
प्रवास ९ (माझा ५, त्याचा ४)
बाळंतपणात काढलेल्या कर्जाचा हप्ता ७
आईवडिलांना पाठवतो ५
वीज, फोन ४
डॉक्टर, औषधं, डायपर ४

बेरीज १०३. तीनदा केली. वरचे ३ क्रेडिट कार्डावर जातात, आणि कार्डाचं फक्त किमान देय भरतोय.

आता खरा प्रश्न. माझ्या ४२ मधून पाळणाघराचे १९ आणि माझ्या प्रवासाचे ५ गेले की उरतात १८. त्या १८ साठी लेक रोज अकरा तास दुसऱ्यांकडे. सासूबाई परवा फोनवर म्हणाल्या, "एवढ्यासाठी कशाला ओढाताण करतेस, घरी बस." नवरा काहीच बोलला नाही. मला त्याचं ते गप्प बसणंच जास्त लागलं. काल आणायला गेले तर ती मावशींच्या खांद्यावरून माझ्याकडे यायलाच तयार नव्हती. मान फिरवून घेतली. घरी येऊन मी आधी ही बेरीज केली आणि मग रडले.

सोडू का नोकरी?

हिशेबनीस

ताई, हिशेब नीट मांडलाय, पण वजाबाकी एका ठिकाणी चुकली आहे. पाळणाघर फक्त तुमच्याच पगारातून का वजा केलंत? लेक दोघांची. तुमच्या यजमानांनी "माझ्या ५८ मधून १९ गेले, मग मी कशासाठी जातो?" असं कधी म्हटलंय का?

नोकरी सोडलीत तर १०३ मधून पाळणाघराचे १९ आणि तुमच्या प्रवासाचे ५ कमी होतात, खर्च राहतो ७९. येणार ५८. म्हणजे आज ३ ची तूट आहे ती २१ ची होईल. ती कार्डावर किती महिने ढकलाल?

आणि हा झाला फक्त आजचा हिशेब. डेन्मार्कमधल्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं की पहिलं मूल झाल्यावर बायकांची कमाई दूरच्या काळातही सुमारे २० टक्क्यांनी मागे राहते आणि पुरुषांच्या कमाईवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. जिथे पाळणाघरांना सरकार भरपूर पैसे देतं तिथली ही गत.

गोगलगाय

मी सोडली होती. तीन वर्षं घरी होते आणि मला अजिबात पश्चात्ताप नाही. पण आमच्याकडे भाडं नव्हतं, सासऱ्यांचं घर होतं. हे आधी सांगायला हवं, कारण बरेच जण "मी सोडली, काही बिघडलं नाही" एवढंच सांगतात आणि डोक्यावर छप्पर कोणाचं होतं ते गाळतात. तुझ्या यादीत भाडं ३० आहे, गं. तुझं गणित माझ्यासारखं नाही.

जुनी_वही

मी नऊ वर्षं घरी होते. परत गेले तेव्हा माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी माझी साहेब होती. चांगली आहे ती, सांभाळून घेते. पण पहिल्या दिवशी तिनेच मला नवीन प्रणालीत हजेरी कशी लावायची ते दाखवलं, तेव्हा घशात काहीतरी अडकलं होतं.

मी पण हीच वजाबाकी केली होती. माझे बहुतेक १५ उरत होते. त्या १५ मध्ये दरवर्षीची वाढ, भविष्य निर्वाह निधी आणि कधी भांडण झालंच तर स्वतःच्या खात्यातून रिक्षा करून निघून जायची मुभा, हे काहीच धरलं नव्हतं.

परखड

एवढंच होतं तर मूल होऊ द्यायचं कशाला? अंथरूण पाहून पाय पसरावेत. आमच्या आयांनी पाच-पाच वाढवली, पाळणाघराचं नाव नव्हतं.

तळमजला

@परखड, तुमच्या आईने पाच वाढवली तेव्हा घरात माणसं किती होती? आणि थोरल्या बहिणीची शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, तेही विचारून या. फुकट काहीच नव्हतं, बिल दुसऱ्याच्या नावावर फाटत होतं.

प्रशासक

मूळ विषयावर राहा. यावरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

मावशी_पाळणाघर

मी स्वतः पाळणाघर चालवते, म्हणून लिहिते. टंकायला वेळ लागतो, चुका पोटात घाला.

बाळा, आधी रडणं थांबव. लेक तुझ्याकडे आली नाही म्हणजे तुला विसरली असं नाही. संध्याकाळी मुलं पेंगुळलेली असतात. जिच्या खांद्यावर आहेत तो खांदा सोडायचा नसतो, मग समोर साक्षात देव का असेना. सकाळी हीच मुलं आईची ओढणी सोडत नाहीत आणि मी खलनायिका असते.

आता पैशाचं. माझ्याकडे अकरा मुलं आहेत, त्यांतली चार दोन वर्षांच्या आतली, आणि आम्ही तिघी. लोकांना वाटतं अकरा गुणिले फी म्हणजे मावशींची चंगळ. दोघींचे पगार, जागेचं भाडं, वीज, पाणी, फिनेल, दुपट्यांची धुलाई जाऊन माझ्या हातात जे राहतं ते माझ्या मदतनीस बाईंपेक्षा थोडंसंच जास्त असतं. आमच्याकडे एक सात महिन्यांचं बाळ आहे, ते खाली ठेवलं की जागं होतं. रोज दुपारी पाऊण तास एक बाई त्याला खांद्यावर घेऊन नुसती फेऱ्या मारते. त्या पाऊण तासात तिच्याकडून दुसरं काही होत नाही. तुझ्या १९ मध्ये त्या फेऱ्या आहेत.

तीन वर्षांच्या पुढे फी कमी होते, कारण मूल स्वतः खातं, सांगून शूला जातं. तुझी वाईट वर्षं ही मधली दीड-दोनच आहेत. तेवढी ढकल.

हिशेबनीस

मावशी, तुमचं म्हणणं सरकारी नियमांतही दिसतं. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या दर ३ मुलांमागे एक माणूस लागतं, तीन वर्षं झाली की ८ मुलांमागे एक चालतं. म्हणजे बाळाच्या फीत एका माणसाचा तिसरा हिस्सा आणि मोठ्या मुलाच्या फीत आठवा.

विल्यम बॉमल या अर्थतज्ज्ञाने १९६० च्या दशकात हेच वाद्यवृंदाबद्दल मांडलं होतं. चौघांनी वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वी चौघं वाजवत, आजही चौघंच लागतात. यंत्राने कापड स्वस्त झालं, पण वादकाचा पगार मात्र इतरांबरोबर वाढवावाच लागतो. बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारण्याचं यंत्र निघालेलं नाही. म्हणून आईबापांना पाळणाघर परवडत नाही आणि तिथल्या बायकांनाही पोटापुरतं मिळत नाही, दोन्ही एकाच वेळी. मधे पैसे खाणारा कोणी नाही. जिथे हे सुटलंय तिथे तिसऱ्याने, म्हणजे सरकारने किंवा मालकाने, वाटा उचललाय.

उत्तरध्रुव

मी स्वीडनमध्ये आहे. इथे २००२ पासून फीला कमाल मर्यादा आहे: पहिल्या मुलासाठी घरच्या उत्पन्नाच्या ३ टक्के, दुसऱ्यासाठी २, तिसऱ्यासाठी १, चौथं फुकट. तुमचे १९ वाचून पोटात कालवलं. अर्थात इथला करही पगारातून आधीच गेलेला असतो, ते कोणी सांगत नाही.

रात्रपाळी

कॅनडातल्या क्वेबेकने १९९७ मध्ये दिवसाला ५ डॉलरचं पाळणाघर सुरू केलं. आया मोठ्या संख्येने कामावर गेल्या. पण मागणी एवढी वाढली की रांगा लागल्या, आणि पुढे काही संशोधकांना तिथल्या मुलांमध्ये चिडचिड आणि आक्रमकपणा वाढल्याचंही दिसलं. स्वस्त केलं म्हणजे चांगलं झालं असं नाही, माणसं पुरेशी लागतात. मावशी म्हणतात तेच.

धागाकर्तीला एक विचारतो. कुठल्या देशात आहात लिहिलं नाही. भारतात असाल तर मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने आलेल्या नियमानुसार ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. हे ५० म्हणजे एकूण कर्मचारी, फक्त बायका नव्हेत. बऱ्याच ठिकाणी मनुष्यबळ विभागाला कोणी विचारत नाही म्हणून कोणी देत नाही. एकटीने विचारू नका, चार-पाच जणी मिळून लेखी विचारा.

साडेसातची_घाई

सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. हिशेबनीस, तुमचा नाही दाखवला अजून, हिंमत होत नाहीये.

@रात्रपाळी, आम्ही ऑफिसात सतरा जण आहोत. तिथे काही होणार नाही.

स्वीडनचं वाचून बरंही वाटलं आणि वाईटही.

तळमजला

मला एक समजत नाहीये. सगळे १९ या आकड्यावर बोलतायत, पण मला त्या अकरा तासांचं कोडं पडलंय. तुमची नोकरी अकरा तासांची नसणार. पाळणाघर नोकरीच्या तासांवर चालत नाही, नोकरी अधिक प्रवास यावर चालतं. स्वस्त भाडं म्हणून लांब राहायला गेलात का? तसं असेल तर भाड्यात वाचवलेलं तुम्ही पाळणाघरात भरताय. आणि १९ ही सरसकट फी आहे की त्यात जादा तास धरलेत? सकाळपासून रात्रीपर्यंत कोण किती वाजता कुठे असतं ते लिहा बघू. अगदी मिनिटांसकट.

साडेसातची_घाई

हो, लांब आहोत. लिहिते.

एकच स्कूटर आहे. ७.३० ला तिघं निघतो. ७.४० ला लेक पाळणाघरात. ७.५५ ला तो मला स्टेशनवर सोडतो. मी पावणेनऊला पोचते, माझं ऑफिस ९ चं. तो मला सोडून ८.४० ला त्याच्या ऑफिसात. त्याचं ९.३० ला सुरू होतं.

संध्याकाळी मी ५.३० ला सुटते, ६.२० ला स्टेशन. तो सुटून ६.२५ ला मला घेतो. ६.४० ला लेकीला घेऊन घरी.

फी ९ तासांची आहे, वरचे २ तास जादा. १९ मधले १४ फी आणि ५ जादा तासांचे. हे मी आज पहिल्यांदा वेगळं करून पाहिलं.

तळमजला

सापडलं.

८.४० ते ९.३० तुमचे यजमान काय करतात?

साडेसातची_घाई

विचारलं. "चहा घेतो, जरा मोबाईल बघतो."

जुनी_वही

😂 अगं बाई. त्या चहाचे महिन्याला किती होतात बघ.

तळमजला

हसू नका, माणूस बिचारा बायकोला स्टेशनवर सोडतोय म्हणून लवकर जातोय. चूक कोणाचीच नाही. तुम्ही दोघं एकत्र निघता एवढंच. जोडप्याने एकत्र निघायचं म्हणजे लेकीचा दिवस दोघांच्या दिवसांपेक्षा लांब होणारच, कारण जो आधी निघतो त्याच्या वेळेला ती बाहेर आणि जो उशिरा परततो त्याच्या वेळेला ती आत.

पाळणाघरातून थेट त्याच्या ऑफिसला किती वेळ लागतो? पस्तीस मिनिटं धरू. मग त्याने ८.५० ला सोडायचं. तुम्ही एकट्या स्टेशनला जायचं, आणि संध्याकाळी त्याची वाट न बघता स्टेशनवरून परस्पर लेकीला घ्यायचं. एकाने सकाळ, एकाने संध्याकाळ. तुमचं ऑफिस साडेआठ ते पाच करून मिळत असेल तर सगळे जादा तास उडतात.

घर बदलायचं पुढे बघा. अनामत, सामान हलवणं, आज तेवढे पैसे नाहीत तुमच्याकडे.

रात्रपाळी

आम्ही नवराबायकोने दोन वर्षं असंच केलं, उलटसुलट पाळ्या. पैसे वाचले. पण एकमेकांशी बोलणं फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर आलं होतं. ते पण हिशेबात धरा. मला एक चिठ्ठी आठवते, "ताप उतरला. गॅस संपला. तू कशी आहेस?" या क्रमाने.

मावशी_पाळणाघर

जादा तासांवरून आठवलं. मी एकदा उशिरा येणाऱ्यांना दंड लावला होता. लोक आणखी उशिरा यायला लागले! आधी धावत यायचे, माफी मागायचे. दंड लावल्यावर निवांत यायचे आणि पैसे टेबलावर ठेवायचे. मी महिन्यात बंद केला.

हिशेबनीस

मावशी, तुम्ही नकळत एक प्रसिद्ध प्रयोग केलात. इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांवर १९९८ मध्ये हाच प्रयोग झाला. त्यांतल्या सहांमध्ये उशिराबद्दल दंड लावला तर उशीर करणारे जवळपास दुप्पट झाले. आणि दंड काढून टाकल्यावरही ते पूर्वीसारखे वेळेवर येईनात. तुमच्याकडे काय झालं?

मावशी_पाळणाघर

तसंच. लाज एकदा गेली की परत येत नाही.

गोगलगाय

अवांतर: शेजारच्या आजींकडे ठेवण्याचा पर्याय कोणी कसा नाही सुचवला? निम्म्यात होतं.

मावशी_पाळणाघर

माझा धंदा आहे म्हणून मी विरोध करणार असं वाटेल, पण तसं नाही. चांगल्या आजी मिळाल्या तर सोनं. फक्त आजी आजारी पडल्या की त्या दिवशी तुझी रजा, हे धरून चाल. आणि घरी असो की पाळणाघरात, दुपारी दीड वाजता न सांगता जाऊन बघ. सकाळी नऊला सगळेच टापटीप असतात. दीड वाजता मदतनीस जेवायला गेलेली असते, तेव्हा खोलीत मोठी माणसं किती आणि टीव्ही चालू आहे का ते बघायचं. वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नका आणि तुझ्या लेकीच्या वयालाही नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय. न सांगता आलेलं ज्यांना चालत नाही तिथे ठेवू नको.

हिशेबनीस

कार्डाचं राहिलं. किमान देय भरत राहिलात तर मुद्दल जागचं हलत नाही, आणि नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. बँकेला फोन करून थकबाकी ठरावीक हप्त्यांत बदलून मागा, व्याज बरंच कमी पडतं. आणि कार्ड पाकिटातून काढून कपाटात ठेवा. बाकी भाजीत दोन, फोनमध्ये एक असं काटत बसू नका, दात कोरून पोट भरत नाही.

साडेसातची_घाई (पाच आठवड्यांनी)

धागा वर आणतेय, राग मानू नका. काय झालं ते सांगायचं राहिलं होतं.

हिशेबनीस यांचा प्रतिसाद शेवटी दाखवला नवऱ्याला. त्याने दोनदा वाचला. मग म्हणाला, "मी गप्प बसलो कारण मला वाटलं तुला सोडायची आहे." मला वाटत होतं त्याला हवंय. असो.

माझ्या साहेबांनी साडेआठची वेळ आठवड्यातून तीनच दिवस दिली. त्या दिवशी मी सव्वासातला घराबाहेर, स्टेशनपर्यंत चालत. दोन दिवस जुनीच वेळ, तेव्हा मला पोचायला साडेसहा होतात आणि एक जादा तास लागतो. त्यामुळे जादा तासांचे ५ होते त्याचा १ झाला. बेरीज ९९! कार्ड हप्त्यांत बदललंय, त्याचे पैसे अजून कुठून तरी काढावे लागणारच आहेत, पण कार्ड कपाटात आहे.

सकाळी सोडताना ती त्याच्याकडे रडते. पहिल्या दिवशी तो ऑफिसात पोचून मला फोन करून म्हणाला, "ती अजून रडत असेल का?" ती सव्वा वर्षाची होईपर्यंत मी रोज हेच मनात म्हणत होते, ते त्याला सांगितलं नाही.

मग तिसऱ्या आठवड्यात तिला ताप आला. आमच्या पाळणाघराच्या मावशींनी आधीच सांगितलं होतं की तापाचं मूल घेत नाही. दोन दिवस मी बिनपगारी रजा घेतली, तिसऱ्या दिवशी त्याने घेतली. म्हणजे या महिन्यात ९९ चं काही खरं नाही, पुन्हा शंभराच्या वरच गेलंय.

जुनी_वही

तिसऱ्या दिवशी *त्याने* घेतली?

साडेसातची_घाई

हो. आणि संध्याकाळी मी आले तेव्हा घर असं झालं होतं की विचारू नका. लेक मात्र त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे यायला तयार नव्हती.

मावशी_पाळणाघर

😀 येईल. ताप उतरल्यावर पाठवशील तेव्हा कपड्यांचा एक जोड जास्तीचा दे, औषधाने पोट बिघडतं.